दोनशे लिटरचं वाळवण

बुधवारी संध्याकाळी दोनशे लिटर माल मी स्वतः चार निळ्या ड्रममध्ये बंद करून ठेवला होता. शुक्रवारी सकाळी तो सगळा एका किराणा पिशवीत मावला.

ती पिशवी माझ्या हातात देताना मावशींच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी अजून विसरलेले नाही. इतकी भयंकर वस्तू इतक्या आनंदाने मला आजवर कुणी दिलेली नाही. "घ्या मॅडम," त्या म्हणाल्या, "आता टेम्पो नको का काई नको. स्कूटीला अडकवा अन् घेऊन जावा."

मी पिशवीत हात घातला. आत पातळ, कडक, काचेसारखे अर्धपारदर्शक पापुद्रे होते. एखादा हातात घेतला की कडकड वाजायचा. प्रत्येक पापुद्र्यावर बारीक चौकडीचा ठसा होता आणि काहींवर तर चक्क काठाची नक्षी उमटलेली होती. कावळ्यांनी तोंड घालू नये म्हणून मावशींनी वरून स्वतःची धुतलेली जुनी साडी पसरली होती, तिची ती नक्षी. चाकणच्या त्या शेडच्या दारात, मे महिन्याच्या उन्हात, मी ती पिशवी धरून उभी होते.

काय झालं होतं ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

माझी पीएचडी चिपाडावर झाली. उसाचा रस काढल्यावर रसवंतीवाला जे मागं फेकून देतो, ते चिपाड. आमच्या दापोडीच्या घराजवळ एक रसवंती होती, तिथून मी पोती भरून न्यायचे आणि बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी डॉक्टर होतेय, पण कचऱ्याची." त्या चिपाडात तंतू असतात. ते शिजवून, धुऊन, पांढरे करून, फोडत फोडत इतके बारीक करायचे की डोळ्यांना दिसणारच नाहीत. मग गंमत होते. चमचाभर तंतू वाटीभर पाणी असं धरून ठेवतात की वाटी उलटी केली तरी पाणी पडत नाही. त्याला नॅनोसेल्युलोज म्हणतात. पाण्यात बनवलेल्या रंगात ते मिसळलं, की उभ्या पत्र्यावर मारलेला रंग ओघळत नाही. प्रयोगशाळेत मी ते सात वर्षं बनवलं. एका वेळी एक काचेचं भांडं.

दादा मला एका प्रदर्शनात भेटले. पुनावळ्याचे. त्यांच्या शेतात आता चौदा-चौदा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत आणि चाकणच्या बाजूला त्यांची एक शेड रिकामी पडली होती. माझ्या टेबलावरची बरणी उचलून त्यांनी उलटी केली, हलवली, झाकण काढून पुन्हा उलटी केली. काही पडलं नाही. "उसापासून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आमचा ऊस तर गेला," ते म्हणाले, "चिपाड तेवढं ऱ्हायलं म्हना की." आणि हसले. आठवड्याभरात शेडची किल्ली माझ्याकडे आली. अट एकच. वर्षभरात एका तरी कंपनीनं माल पास केला पाहिजे. नाहीतर शेड भाड्यानं एका लोखंडवाल्याला, आणि मी पुन्हा काचेच्या भांड्याकडे.

मला वाटलं होतं, भांडं मोठं केलं की काम झालं. चौघांचा वरणभात करणाऱ्या बाईला गावजेवणाच्या चुलाणापुढे उभं केलं तर तिचं जे होईल, ते माझं झालं. प्रयोगशाळेत मी माल एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचे. इथं ओतायचं कसं? पंप लावला. पंप सुरू झाला, नळीच्या तोंडाभोवतीचं तेवढं ओढून घेतलं आणि ड्रमच्या मध्यभागी एक भोक पडून राहिलं. बाकीचा माल भिंतीसारखा जागच्या जागी उभा! मी बघतच राहिले. याच गुणावर मी शोधनिबंध लिहिले होते आणि त्याच गुणानं माझा पंप बंद पाडला होता. धुवायला प्रयोगशाळेत एक कॅन पाणी पुरायचं, इथं अर्धा टँकर लागला. चिपाड शिजवताना जो वास सुटला, त्यानं शेजारच्या वर्कशॉपमधली माणसं विचारायला आली की आत नक्की काय चाललंय. रोज सकाळी एक नवा धक्का. मी रोज संध्याकाळी घरी जाऊन ठरवायचे की उद्या दादांना किल्ली परत द्यायची.

दिली नाही, याचं कारण मावशी.

मावशी लातूरकडच्या. नवरा म्हाळुंग्याला वेल्डिंगच्या कामाला. त्या आल्या होत्या शेड झाडायला, आणि दोन महिन्यांत त्या आमच्या दळणाच्या मशिनच्या ऑपरेटर झाल्या. हे मशिन म्हणजे परदेशी बनावटीचं जातंच. एकावर एक दोन दगड, खालचा फिरतो, आणि त्यांच्यामधली फट वरच्या चाकानं कमी-जास्त करायची. लगदा त्यातून पुन्हा पुन्हा काढायचा. दहाव्या वेळेला तो पांढरा, दाट, तकतकीत होऊन बाहेर पडतो. पहिल्यांदा तो तसा निघाला तेव्हा मावशींनी बोट बुडवून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई! ह्यो तर गव्हाचा चीक!"

कुरडया करताना गहू भिजवून, वाटून जो चीक काढतात, अगदी तसाच दिसतो तो. मला ही तुलना फार आवडली. पाहुणे आले की मीही सांगायचे, आमच्या मावशी याला चीक म्हणतात. सगळे हसायचे. चीक म्हटलं की त्या बाईच्या डोक्यात पुढची पायरी कोणती येत असेल, हा विचार माझ्या सुशिक्षित डोक्यात एकदाही आला नाही.

मी कामाची पद्धत मराठीत लिहून काढली होती. सतरा पायऱ्या. प्लास्टिकमध्ये घालून मशिनशेजारी लावली होती. त्या कागदाचा मला थिसिसपेक्षा जास्त अभिमान होता. मावशी त्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचायच्या आणि तंतोतंत तसंच करायच्या. शेवटची ओळ होती, "ड्रमचे झाकण घट्ट लावावे." का लावावे, ते लिहिलं नव्हतं.

त्या बुधवारी आमचा पहिला मोठा माल तयार झाला. दुचाकीच्या सुट्या भागांना रंग पुरवणारी एक कंपनी सोमवारी त्यांच्याकडे चाचणी घेणार होती. वर्ष संपत आलं होतं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. या चार ड्रमवर सगळं होतं, आणि हे मला, दादांना, मावशींना, तिघांनाही पक्कं माहीत होतं. संध्याकाळी त्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या ड्रममध्ये अठ्ठ्याण्णव टक्के पाणी आहे. पाणी आमच्याकडे पण आहे. पुढे काही कमी करता येईल का बघा."

खरंच होतं ते, म्हणून जास्त लागलं. फोन ठेवून मी शेडभर ओरडत फिरले. "पाणी विकतेय मी! सात वर्षं शिकून टेम्पो भरभरून पाणी विकतेय!" मावशी नळावर हात धूत होत्या. मग मी फोन काढला आणि त्याच साहेबांना मेल लिहायला बसले. मध्ये कुणी काही बोललं असेल तर मला ते तेव्हा आठवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमच्या पट्ट्यात गुरुवारी लाइट नसते, त्यामुळे कारखान्यांचा रविवार गुरुवारीच येतो. मी दापोडीला आईकडे जाऊन ताणून दिली. शेडची एक किल्ली मावशींकडे असायची, कारण सकाळी शेड त्याच उघडायच्या. सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न मागता, शेजारच्या दोन बायकांना घेऊन त्या शेडवर आल्या. समोरच्या कोब्यावर प्लास्टिकचे कागद अंथरले, चारही ड्रम वाटीवाटीनं रिकामे केले, आणि मे महिन्याच्या कडक उन्हात माझा सगळा माल वाळत घातला.

त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. वाळलेली कुरडई वर्षभर टिकते, हलकी असते, आणि गरम पाण्यात भिजवली की पुन्हा मऊ होऊन तिची भाजी होते. मग साहेबांना वाळवून द्यावं, ते त्यांच्या पाण्यात भिजवतील. पाणी त्यांच्याकडे आहेच.

फक्त हा चीक गव्हाचा नव्हता. हे तंतू ओले असतात तोवर पाणी त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतं. पाणी गेलं की ते एकमेकांना असे मिठी मारतात की पुन्हा कशानंही सुटत नाहीत. एकदा वाळलं की संपलं. आमच्या प्रयोगशाळेत हे पहिल्या आठवड्यात कळतं. कुणीतरी भांडं उघडं ठेवतं, सोमवारी तळाशी पापुद्रा मिळतो, सगळे त्याला हसतात, आणि पुन्हा आयुष्यात कुणी झाकण विसरत नाही. म्हणून ते कुठंच लिहिलेलं नसतं. विस्तवात हात घालू नये, हे कोण लिहून ठेवतं?

तर मी पिशवी घेऊन उभी होते. मग वेड्यासारखी आत धावले, बादलीत गरम पाणी घेतलं आणि पापुद्रे बुडवले. मावशीही शेजारी उभ्या राहिल्या, समजुतीनं म्हणाल्या, "जरा टाइम लागतो त्याला." तास गेला. पापुद्रे माशाच्या खवल्यांसारखे पाण्यात फिरत राहिले. मी मिक्सर लावला. त्यांचे बारीक तुकडे झाले, बस्स. हळूहळू मावशींच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. त्यांनी बादलीत हात घातला, एक तुकडा बोटांत चुरून बघितला, आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मी नजर दिली नाही.

तेवढ्यात दादा आले. चार रिकामे ड्रम आणि बादली बघून त्यांना निम्मं कळलं, उरलेलं मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचा आवाज पत्र्यावर आपटला. "आवो, कुनी सांगितलं व्हतं तुमाला? सोमवारी काय तोंड दाखवायचं आमी? वरीस घातलंय ह्यात, वरीस! किल्ली ठिवा आन् निगा. उद्यापासनं यायचं न्हाई."

मला वाटलं मावशी रडतील, भांडतील, निदान म्हणतील की मला काय माहीत. त्यांनी ॲप्रन काढला, घडी घातली, किल्ली त्यावर ठेवली आणि निघाल्या. दारातून एकदा वळून माझ्याकडे बघितलं. मी बादलीत बघत होते. मी गप्प राहिले, हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे. मी एक वाक्य बोलले असते तर दादा थांबले असते. पण कुणाची तरी चूक आहे आणि ती माझी नाही, याचा त्या क्षणी मला चक्क आधार वाटला होता.

दोन ड्रम भरतील एवढा ओला, पांढरा केलेला लगदा मागच्या टाकीत शिल्लक होता. सोमवारपर्यंत तो दळून घेतला तर काहीतरी हातात घेऊन जाता आलं असतं. शनिवारी सकाळी मी स्वतः मशिनवर उभी राहिले. बाजूला माझाच कागद. फटीचा आकडा मी लिहिला होता तोच ठेवला. लगदा टाकला. मोटर बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. फट वाढवली तर लगदा जसाच्या तसा बाहेर. कमी केली तर दगडाला दगड घासला, जळका वास आला आणि माझा पांढरा लगदा राखाडी पडला. मी बादलीभर माल फेकला, आणि पुन्हा तेच केलं. दुपारपर्यंत मला घाम फुटला होता, आणि तो उन्हानं नव्हता.

दादा दारात उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "म्याडम, ह्यो कागद तुमीच लिवलाय न्हवं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि त्या उजेडानं मी हादरलेच. दगड झिजत होते. लगदा रोज वेगळा येत होता. माझा आकडा कित्येक महिन्यांपूर्वीच निकामी झाला होता. मावशी कागदावर बोट ठेवून पायरी वाचायच्या आणि मग मशिनला कान लावून चाक फिरवायच्या. मी रोज ते बघत होते. मला वाटायचं, बाईला सवय आहे मान वाकडी करायची. सात वर्षांचं माझं शास्त्र त्या शेडमध्ये एका कानावर चाललं होतं, आणि तो कान काल मी घालवला होता.

स्कूटी काढली आणि म्हाळुंग्याला गेले. मावशींची खोली पहिल्या मजल्यावर, पत्र्याची. त्या पोळ्या लाटत होत्या. दोरीवर ती साडी वाळत होती, माझ्या मालानं जागोजागी कडक झालेली. त्यांनी पाणी दिलं, सतरंजी टाकली. मी एका दमात बोलले. मशिन माझ्याच्यानं चालत नाही, तुम्ही चला, दादांना मी समजावते.

"काय समजावताल?"

"की हे कागदावर कुठंच नव्हतं. तुम्हाला माहीत असायचं कारणच नव्हतं. तुम्ही न विचारता केलंत एवढंच, पण चांगल्यासाठी केलंत."

त्यांनी लाटणं थांबवलं. "न इचारता न्हाई केलं, मॅडम. म्या इचारलं व्हतं."

"कुणाला?"

"तुमालाच की. बुधवारी. तुमी फोनमधी लिवत व्हता. म्या म्हनलं, मॅडम, ह्ये वाळवून दिलं तर चालंल का. दोनदा म्हनलं. तुमी मान हलवली."

मी म्हणणार होते, शक्यच नाही. पण तोंड उघडायच्या आधीच मला आठवलं. शब्द नाही आठवले. आठवली ती माझी मान. फोनवर असताना समोर कुणी आलं की मी मान हलवते. काम पटकन जातं. कोण आलं, काय म्हणालं, मी बघतसुद्धा नाही. आयुष्यभर हलवत आलेय. त्या खोलीत, त्या सतरंजीवर बसून ती हालचाल मला माझ्याच मानेत जाणवली.

"मग दादांसमोर का नाही बोललात?" मी विचारलं. "त्यांनी तुम्हाला घालवलं. एक शब्द का नाही बोललात?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढंही कळत नाही का या बाईला. "म्या सांगितलं असतं तर त्यांनी तुमाला काढलं असतं न्हवं? मला काय, कुठं बी झाडू मारता येतो. तुमाला ह्येच एक येतंय."

मी रडले. परक्याच्या घरी बसून रडावं तशी, पदर नाही म्हणून ओढणीत तोंड खुपसून. त्यांनी पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "उठा. लगदा किती ऱ्हायलाय?"

शेडच्या फाटकात दादा उभे होते. मावशींना मागं बसलेलं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी स्कूटी उभी केली आणि हेल्मेट न काढताच बोलले, नाहीतर पुन्हा गप्प बसले असते. "दादा, यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. न ऐकता. काल मला ते आठवलंही नाही, आणि यांच्या बाजूनं मी एक शब्द बोलले नाही."

दादांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ते मावशींकडे वळले. "चुकलं आमचं," एवढंच म्हणाले, आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

सोमवारी चारऐवजी दोन ड्रम गेले. पहिल्या चाचणीत रंग थोडा ओघळला, दुसऱ्यात नाही. साहेबांनी आणखी माल मागितला, पाण्याबद्दल पुन्हा कुरकुर केली. शेड अजून आमच्याकडेच आहे. कागदावर अठरावी ओळ आली आहे, "माल वाळू देऊ नये, वाळला की पुन्हा भिजत नाही," आणि फटीचा आकडा खोडून तिथं मावशींनी सांगितलेलं लिहिलं आहे, म्हणजे दगड कसा वाजला की चाक किती फिरवायचं.

पण मला सांगायचं आहे ते त्या शनिवारच्या दुपारचं. मावशींनी ॲप्रन चढवला, लगदा हातानं चाचपला, चाक फिरवून ठेवलं आणि बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, चालू करू का?" मी फोनवर त्या साहेबांना दोन ड्रमचं कळवत होते. मी मान हलवली.

मशिन सुरू झालं नाही. मी वर बघितलं. मावशी तशाच उभ्या होत्या, बोट बटणावर, नजर माझ्यावर. मी फोन खाली ठेवला आणि म्हटलं, "करा."

त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी माझ्या मानेवर विश्वास ठेवलेला नाही.